रविवारची बाररूम

यंदा क्लॅटला आणि कायद्याच्या सीईटीला बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

खरं तर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होते. पण पाच-सात वर्षांनी तुमच्यातलंच कोणीतरी समोरच्या बाजूचं वकीलपत्र घेऊन उभं राहील आणि माझ्याच अशिलाला उलटतपासणीत घाम फोडेल. तेव्हा आत्तापासून नमस्कारच बरा.

मी एका तालुक्याच्या कोर्टात २२ वर्षं वकिली करते. वाटणीचे दावे, बांधाचे तंटे, पोटगीचे अर्ज, न वटलेले चेक. यातलं काही वर्तमानपत्रात येत नाही. गेली चार वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, सात-आठ मुलं जमतात, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या क्लॅटची तयारी करायला. मी त्यांना शिकवते असं म्हणणं खोटं ठरेल. चालू घडामोडींत ती माझ्या पुढे आहेत आणि टक्केवारीच्या गणितांशी माझं दहावीपासून वैर आहे. मी घड्याळ लावते, चहा सांगते आणि त्यांच्याशी वाद घालते. त्या बाकांवर बसून जे पाहिलं, ते तुम्हाला लिहावंसं वाटलं.

वेळ दुपारी दोन ते चारची आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. क्लॅटचा पेपर गेली काही वर्षं डिसेंबरमधल्या रविवारी याच वेळेत होतो. तुमच्यातले बरेच जण मॉक देतात रात्री अकराला, अंथरुणात, मोबाइलवर. पेपर मात्र जेवणानंतरच्या सुस्तीत, कागदावर, पेननं ओएमआरचे गोल भरत द्यायचा असतो. दुपारच्या सुट्टीनंतर साक्षीदाराला प्रश्न विचारणं काय असतं ते कुठल्याही वकिलाला विचारा. डोकं त्या वेळेला जागं राहायला शिकवावं लागतं, आणि ते शिकतं.

ऑक्टोबर उजाडला की आमच्या बाकांवर एक बदल दिसतो. जूनमध्ये मुलं भांडत असतात, ‘मॅडम, हे उत्तर बी कसं, सीच पाहिजे!’ ऑक्टोबरात ती भांडत नाहीत. गुण मोजतात आणि गप्प बसतात. त्यात दिवाळी येते, पाहुणे येतात. ‘बारावी सायन्स घेऊन वकील? खोटं बोलायला शिकायचं तर त्याला परीक्षा कशाला?’ मग सगळे हसतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणणाऱ्या मुलखात तुम्ही ती पायरी चढायची म्हणून रात्रीचा दिवस करताय, याचं घरच्यांना नवल वाटणारच. त्यांच्यावर रागावू नका. कोर्टाची पायरी ज्यांनी चढलेली असते, त्यांच्या तोंडून ते आलेलं असतं.

आधी थोडा हिशेब मांडू, कारण धीर सुटण्यामागे निम्म्या वेळा हिशेब न मांडणं असतं. पेपर १२० प्रश्नांचा, १२० मिनिटांचा. जवळजवळ प्रत्येक चार-सहा प्रश्नांमागे एक उतारा, साडेचारशे शब्दांपर्यंतचा. सगळे उतारे मिळून दहा हजार शब्दांच्या आसपास मजकूर होतो. मिनिटाला दोनशे शब्द समजून वाचणाऱ्याची पन्नास मिनिटं नुसत्या वाचनात जातात, उरलेल्या सत्तर मिनिटांत १२० प्रश्न. मराठी शाळेतून आलेलं पोर सुरुवातीला मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचतं. म्हणजे उतारे वाचण्यातच त्याचा बहुतेक वेळ संपतो! ‘मी मठ्ठ आहे’ असं ते मला सांगायला येतं, तेव्हा मी त्याला हा हिशेब कागदावर करायला लावते. मठ्ठपणाचा संबंध नसतो, वेगाचा असतो. आणि वेग वाढतो, फक्त तो इतका हळू वाढतो की वाढताना दिसत नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख, घड्याळ लावून, मग त्याचा सारांश मराठीत चार ओळींत. पहिले तीन महिने काही होत नाही. मग एके दिवशी पोर म्हणतं, ‘मॅडम, आज पेपर छोटा होता का?’

आता त्या मुलीची गोष्ट. नाव लिहीत नाही, ती हे वाचेल आणि चिडेल. बाजारात भाजीची गाडी असलेल्या घरातली. सप्टेंबरात तिला मॉकमध्ये १२० पैकी ३१ गुण पडले. पुढच्या रविवारी ३४, त्याच्या पुढच्या रविवारी २९. त्यानंतर ती यायची बंद झाली. मी फोन केला, आईनं सांगितलं बरं नाही. मी ओळखलं काय ते. बाजारात गाठून मी तिला दहा मिनिटं ऐकवलं: प्रयत्न, जिद्द, सगळं. ती मान हलवत राहिली आणि मेथीच्या जुड्या बांधत राहिली. पुढच्या रविवारीही आली नाही. वकिलाला बोलण्याचे पैसे मिळतात म्हणून बोलण्याचा उपयोग होतोच असं नाही.

ती परत आली त्याचं कारण वेगळंच होतं. आमच्या गटात कामं वाटलेली आहेत. एकाकडे गणित, एकीकडे शब्दसंग्रह, आणि चालू घडामोडींची वही तिच्याकडे. तीन आठवडे वही नाही म्हणून बाकीच्यांचं अडलं. शेवटी दोन मुलं तिच्या घरी गेली आणि वही मागितली. ती म्हणाली, ‘अक्षर तुम्हाला लागणार नाही, मीच येते.’ बस, एवढंच. कोणी तिला ‘तू करू शकतेस’ म्हटलं नाही. तिच्यावाचून अडतंय, इतकंच तिला कळलं.

तेव्हापासून ‘प्रेरणा’ या शब्दाची मला थोडी चीड आली आहे. प्रेरणा हल्ली अभ्यासिकांच्या भिंतींवर टांगलेली असते, फ्रेम करून. हुरूप हा शब्द मला जवळचा वाटतो. तो माणसामाणसांत असतो. एकट्यानं खोलीत बसून, टॉपरच्या मुलाखती बघून आलेला हुरूप दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत पुरतो. रविवारी दोन वाजता चौघं आपली वाट बघत बसलेली असतील, हे माहीत असलं की माणूस अंघोळ करून निघतो. मग आपोआप अभ्यासही होतो. तुमच्या गावात क्लास नसेल, इंटरनेट रडतखडत चालत असेल, तरी दोन जण शोधा. दोघं पुरतात. एकानं दुसऱ्याला काहीतरी आणून द्यायचं कबूल केलेलं असलं पाहिजे, मग ते दहा शब्द असोत की एक उतारा.

परत आल्यावर त्या मुलीनं एक काम केलं, ते मात्र तिचं स्वतःचं. तिन्ही मॉकचे चुकलेले प्रश्न काढले आणि प्रत्येकापुढे लिहिलं: माहीत नव्हतं, घाईत वाचलं, दोन पर्यायांत अडकले, वेळ संपला. ‘माहीत नव्हतं’च्या रकान्यात अगदी थोडे निघाले. बहुतेक उत्तरं समोरच्या उताऱ्यातच होती. तिचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. रागावली होती, पण स्वतःवर नाही, त्या उताऱ्यांवर. हा राग फार चांगला.

तुम्ही या परीक्षेला न्यायाधीश मानता आणि मॉकच्या गुणांना निकालपत्र. माझं म्हणणं, या न्यायाधीशाचाच इतिहास जरा वाचा. २००८ पर्यंत प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी. मुलांनी देशभर फिरायचं, फी भरत सुटायचं. सुप्रीम कोर्टात जनहित याचिका झाली, मग सात विद्यापीठं एकत्र आली आणि क्लॅट जन्माला आली. म्हणजे ही परीक्षाच एका याचिकेचं अपत्य! आधी ती २०० प्रश्नांची होती. २०२० मध्ये १५० ची, उताऱ्यांवर आधारलेली झाली. डिसेंबर २०२३ पासून १२० ची. मध्ये काही वर्षं संगणकावर घेऊन पाहिली. २०१८ मध्ये संगणकांनी असा घोळ घातला की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि वेळ वाया गेलेल्या मुलांना भरपाईचे गुण द्यावे लागले. पुढच्या वर्षी परत कागद आणि पेन. २०२० मध्ये कोरोनानं तारखा पुढे पुढे गेल्या, त्यात बेंगळुरूच्या विद्यापीठानं ऐन वेळी स्वतःची वेगळी परीक्षा काढली, ती सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवली, आणि आठवड्याभरात मुलांनी क्लॅट दिली. त्या वर्षीच्या मुलांची आठवण मला अजून येते. टाळेबंदीत घरात बसून त्यांनी चार वेगवेगळ्या तारखांसाठी एकच अभ्यास चार वेळा केला असेल.

आणि १ डिसेंबर २०२४ चा पेपर. उत्तरसूचीत चुका आहेत म्हणून एक अल्पवयीन परीक्षार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्याच महिन्यात, २० डिसेंबरला, न्यायालयानं दोन उत्तरांच्या बाबतीत त्याचं म्हणणं मान्य केलं. मग अपिलं, वेगवेगळ्या राज्यांतल्या याचिका, सगळं करत करत प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि ७ मे २०२५ ला निकाली निघालं. प्रश्न ज्या सैलपणानं काढले जातात त्याबद्दल न्यायालयानं नाराजी बोलून दाखवली. त्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते, अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली.

हे सगळं सांगून मी परीक्षेला नावं ठेवतेय असं समजू नका. पण एक सांगा, ज्या पेपरची उत्तरं तपासायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं, त्याच्या नकलेत ३१ गुण पडले म्हणून तुम्ही स्वतःबद्दल कायमचं मत करून घेणार? आणि त्या अल्पवयीन पोराकडे नीट पाहा. कायद्याच्या कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच त्यानं वकिलाचं काम केलं होतं. छापलेलं उत्तर खरं मानलं नाही, ते उघडून बघितलं. आमच्या बाकांवरची मुलं ‘मॅडम, सीच पाहिजे’ म्हणून भांडतात तेव्हा तीही हेच करत असतात. ऑक्टोबरात ते भांडण बंद पडतं, म्हणून मला काळजी वाटते. गुण कमी झाले याची तितकी नाही.

कायदेविषयक उताऱ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे मराठी मुलांची एक गोड चूक होते. कायदा आधी माहीत असण्याची तिथे गरज नसते, नियम उताऱ्यात दिलेला असतो. समजा नियम असा: दुकानात मांडलेली, किमतीची चिठ्ठी लावलेली वस्तू हा विकण्याचा प्रस्ताव नव्हे, ते गिऱ्हाइकाला प्रस्ताव देण्याचं आमंत्रण आहे. आता काचेत पाचशेची चिठ्ठी लावलेली साडी बघून बाई आत जाते, पाचशे रुपये पुढे करते, आणि दुकानदार म्हणतो, ही विकायची नाही. करार झाला का? नाही झाला. दुकानदार बांधील नाही. पण आमची निम्मी मुलं लिहितात, झाला, कारण ही फसवणूक आहे. त्यांना त्या बाईचं वाईट वाटलेलं असतं. मी त्यांना सांगते, गोल भरताना नियमाच्या बाहेर जाऊ नका, पण ते वाईट वाटणं फेकूनही देऊ नका. माझ्या ओळखीच्या काही वकिलांनी ते फार लवकर फेकून दिलं, आणि त्यांच्या अशिलांना ते कळतं.

इंग्रजीचं दुखणं मी झाकणार नाही. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. ती भारतीय भाषांतूनही घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात झाली होती. ज्या देशात जिल्ह्याच्या खाली बहुतेक कोर्टांचं कामकाज लोकांच्या भाषेत चालतं, तिथे कायदा शिकायला येणाऱ्याला दारातच इंग्रजीची अट घालणं मला पटत नाही. साक्षीला आलेली आजी मराठीत बोलते, मी मराठीत विचारते, न्यायाधीश मराठीत नोंदवून घेतात. पण आज परीक्षा इंग्रजीत आहे, आणि तुमचा पेपर माझ्या मतानं तपासला जाणार नाही. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. क्लॅटमध्ये चुकीला पाव गुण जातो. चारातला एक पर्याय खात्रीनं खोडता आला, तर उरलेल्यांतून अंदाजानं निवडण्यात सरासरीनं फायदाच आहे. करून बघा गणित. माझ्यासारखीला जमलं.

थोरांची उदाहरणं द्यायची नाहीत असं ठरवूनच हे पत्र लिहायला बसले होते. पण एकीचं देते, कारण ती नाशिकची. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. १८९२ मध्ये त्यांना परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या बसल्या, उत्तीर्ण झाल्या, पण बाईला पदवी द्यायची नाही असा नियम. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! स्त्रियांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आपल्याकडे १९२३ चा. मधल्या काळात त्या पडदानशीन बायकांच्या मालमत्तेची कामं बघत हिंडत होत्या. सनद नव्हती, काम होतं. यातून काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला त्यातला ठराव फार आवडतो: एका मुलीनं प्रश्नपत्रिका मागितली म्हणून अख्ख्या ऑक्सफर्डला सभा भरवावी लागली.

पैशांबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. क्लॅटच्या अर्जालाच चार हजार रुपये लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. ही सवलत म्हणजे कोणाची चेष्टा आहे ते मला कळलेलं नाही. पुढे विधी विद्यापीठांची वर्षाची फी लाखांत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली तीन विद्यापीठंही त्याला अपवाद नाहीत. २०१० मध्ये शामनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी ‘आयडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला, गरीब आणि दूरच्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारा, पुढे शिकताना हात देणारा. बशीर २०१९ मध्ये गेले, काम चालू आहे. तुमच्या शाळेत कोणी सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐका आणि चौकशी करा.

आणि समजा नाही लागलं विधी विद्यापीठ? मोठ्या लॉ फर्मच्या पहिल्या नोकऱ्या तिथल्याच मुलांकडे जास्त जातात, हे खरं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. पण सीईटीतून मिळणारी कॉलेजं काही उरलीसुरली नाहीत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, डॉ. आंबेडकर तिथे शिकवत आणि १९३५ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड तिथले. मी स्वतः बी.ए. नंतर जिल्ह्याच्या कॉलेजात तीन वर्षं शिकले, सकाळचे वर्ग, दुपारी एका वकिलांकडे टायपिंग. २२ वर्षांत एकाही अशिलानं मला माझं कॉलेज विचारलेलं नाही. ‘बाई, तारखेला येणार ना?’ एवढं विचारतात. क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही. वर्ष राखून पुन्हा बसायचं असेल तर बसा, मात्र एकदा घरच्यांबरोबर पैशांचा हिशेब मांडा आणि सीईटीचा अर्ज भरूनच ठेवा.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर एक सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. मोठ्या भावाच्या गाइडमधली कलमं पाठ करत बसू नका. आणि दुसरी सूचना: हॉल तिकिटाच्या दोन प्रिंट आठवडाभर आधी काढा, आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात वीज नसते.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिचा पेपर अजून व्हायचाय. मागच्या रविवारी ५८ पडले. तिनं एका उत्तरावरून माझ्याशी वीस मिनिटं वाद घातला, आणि शेवटी मला कबूल करावं लागलं की उत्तर सीच पाहिजे.

शेवटचं माझ्या व्यवसायबंधूंना, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. तुमच्या तालुक्याची बाररूम रविवारी बंद असते. तिथे टेबलं आहेत, पंखे आहेत, निकालांचे जुने खंड धूळ खात पडलेत. आम्ही बारच्या अध्यक्षांचं एक पत्र घेतलं आणि पहारेकऱ्याच्या वहीत मुलांची नावं लिहायला लागलो, याहून जास्त काही करावं लागलं नाही. किल्ली बहुतेक ठिकाणी शिपायाकडेच असते. मागून बघा.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील